माळरानावरील शिकारीचे वांटेकरी

चांदबिबीचीं जीं चित्रें दक्खनच्या चित्रकारांनीं अठराव्या शतकांत रंगविलीं, त्यांपैकीं प्रसिद्ध चित्रांत ती घोड्यावर बसलेली आहे आणि तिच्या मुठीवर ससाणा आहे. १५९५-९६ सालीं अहमदनगरचा किल्ला मोंगलांच्या वेढ्यांत लढविणारी ही स्त्री. तिला तटावर उभी करून, हातीं समशेर देऊन रंगवावें, असें पुष्कळांस वाटेल. चित्रकारांनीं प्रसंग निवडला तो मात्र शिकारीचा, आणि तो उगाच निवडलेला नाहीं. शिकार हें त्या काळीं राज्यकर्त्याचें लक्षण होतें. जो शिकार करतो त्याची भूमि, असा त्यांतला अर्थ. परंतु ससाण्यानें झडप घालण्यापूर्वीं पक्षी उठवावा लागतो, काळविटाचा कळप कोणत्या माळावर उतरला आहे हें कोणीतरी आधीं पाहून ठेवावें लागतें. हें काम करणारे लोक चित्रांच्या चौकटीबाहेर राहिले. पुढील वृत्तांत त्यांचा आहे.

अहमदनगर जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असें अधिकृत नांव मिळालें, तो पश्चिमेस अकोल्याच्या बाजूला कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड यांच्या डोंगरांत सुरू होतो. तेथें पाऊस मुसळधार आणि रान दाट. पण डोंगर उतरून पूर्वेस व दक्षिणेस यावें, तों पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड या बाजूस पर्जन्यछायेंतील उघडे माळ लागतात. कुसळी गवत, तुरळक बाभळी, पावसाळी ओढे. हेंच काळविटाचें, चिंकाऱ्याचें, लांडग्याचें, माळढोकाचें आणि तितर-लाव्यांचें घर. शेतीस जो मुलूख कृपण, तो शिकारीस एके काळीं उदार होता.

या औदार्याचे वांटेकरी ठरलेले होते. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनीं पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यांतील भटक्या जमातींचा अभ्यास करून १९८३ सालीं जे लेख प्रसिद्ध केले, त्यांत ही वांटणी फार स्पष्ट दिसते. फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू या तिन्ही जमाती एकाच माळावरून हिंडत. तिघांसही मांस हवें असे. तरी तिघांची शिकार निराळी. फासेपारध्यानें काळवीट आणि पक्षी धरावे, तेही फाशांनीं. नंदीवाल्यानें कुत्र्यांच्या साह्यानें रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागें लागावें. वैदूनें सांपळे लावून मुंगूस, उदमांजर अशीं लहान मांसाहारी जनावरें पकडावीं आणि पाण्यांतलीं कासवें-खेकडे काढावे. हें कोणी कागदावर लिहून दिलेलें नव्हतें. हत्यार वेगळें, जनावर वेगळें, म्हणून भांडणास जागाच थोडी.

एका जमातीच्या आंतही हिशेब होता. तिरमल नंदीवाल्यांचीं कुटुंबें ठराविक गांवांच्या टापूंत फिरत, आणि हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. दर तीन वर्षांनीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत वडापुरी येथें जमात गोळा होत असे. कोणी दुसऱ्याच्या टापूंत शिरला असेल तर त्याचा न्याय तेथें पंचांसमोर होई. आपल्या शहरांतील जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतात, हें ध्यानीं घेतां, निशाणीचा एकही दगड नसलेल्या हद्दी या लोकांनीं कशा राखल्या असतील याचें कौतुक वाटतें.

फासेपारध्याची रीत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काळविटांची येण्याजाण्याची वाट हेरावयाची, त्या वाटेवर फाशांची रांग मांडावयाची, आणि मग कळपाला न भेडसावतां हळूहळू त्या बाजूस वळवावयाचें. पक्ष्यांसाठीं शिकविलेली गाय पुढें चालवीत तिच्या आडून जवळ जावयाचें. यांत दिवसचे दिवस जात. फाशांत जनावर जिवंत सांपडतें, ही यांतली मर्माची गोष्ट. गाभण हरिणी किंवा पाडस फाशांत आलें तर पारधी तें सोडून देत, असें गाडगीळांनीं नमूद केलें आहे. बंदुकीला अशी दुसरी संधि नसते. गोळी सुटल्यावर निवड कसली करावयाची? पारध्याच्या मनांत दया किती होती आणि पुढील वर्षाचा हिशेब किती होता, हा वाद येथें नको. काळवीट संपले तर आपण संपलों, हें त्याला कोणीं शिकवावें लागत नव्हतें.

१८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला आणि १८१८ नंतर जिल्हा कंपनीच्या अमलाखालीं आला. नगरला लष्करी छावणी पडली. छावणीच्या साहेबांस सुटीच्या दिवसाचा विरंगुळा हवा असे, आणि घोड्याच्या रपेटीवर काळविटांचे कळप चरत होते. येथून माळावर नव्या जातीचा वांटेकरी आला. त्याला मांसाची गरज नव्हती. त्याला शिंगें हवीं होतीं, भिंतीवर लावण्यासाठीं. पण कळप कोठें आहे हें त्याला ठाऊक नसे. त्यासाठीं वाट दाखविणारा स्थानिक शिकारी लागे, हांका करणारे लागत. ज्याच्या बापजाद्यांचा त्या हरणावर वांटा होता, तोच आतां रोजावर व बक्षिसावर तें हरीण दुसऱ्यास दाखवूं लागला. वाटाड्याचा धंदा नगरच्या माळावर असा उभा राहिला.

मागाहून कायदे आले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें बंदुकीस परवाना लागला. तो ज्याच्या हातीं सहज पडे तो पारधी नव्हता. त्याच वर्षींच्या जंगल कायद्यानें राखीव रानांत शिकार व सांपळे यांवर सरकारी नियम बसले. गुन्हेगार जमातींचा म्हणून जो कायदा १८७१ सालीं उत्तरेकडे झाला, तो १९११ च्या नव्या रूपानें मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि ज्या जमातींस त्याचा शिक्का बसला त्यांत पारधी होते. हजेरी देणें, परवानगीवांचून गांव न सोडणें हीं बंधनें आलीं. ज्याचें पोट भटकण्यावर, त्यास भटकण्याची बंदी. दुसऱ्याच वर्षीं, १९१२ सालीं, वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यानें प्रांतिक सरकारास हरणें, तितर, माळढोक इत्यादिकांसाठीं बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. पहिल्या अपराधास ५० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा केल्यास महिनाभराचा कारावास किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ५० रुपये ही रक्कम छावणींतील कप्तानास एक आणि पालांत राहणाऱ्या पारध्यास अगदींच दुसरी. या कायद्यानें हंगाम सांगितला, वांटा मात्र कोणाचा किती तें सांगितलें नाहीं. पिकाच्या वा स्वतःच्या रक्षणासाठीं मारण्याची मुभा त्यांत ठेवलेली होती, आणि ती पुढें बरीच ताणली गेली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें १९५१ सालीं स्वतःचा कायदा करून परवान्यांची व्यवस्था घातली. पण तोंवर माळावर जीप आली होती. रात्रीं प्रखर दिव्याचा झोत टाकला कीं हरीण डोळे दिपून उभें राहतें. तेथें वाट हेरणें नको, कीं गायीच्या आडून सरकणें नको. इकडे गवताळ माळही आक्रसूं लागले. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें होतें, १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना निघाला, आणि कालवा जेथें जेथें पोंचला तेथें नांगर पोंचला. अन्नासाठीं शेती वाढली यांत दोष कोणास द्यावा? पण हरणें घटलीं याचा ठपका फाशावर ठेवणें मात्र सोपें होतें, कारण फासेवाल्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नव्हता.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास, विदर्भांत, याच काळांत शिकारीचा व्यवहार अगदीं निराळ्या थाटांत चालला होता. नागपुरांत विद्याचरण शुक्ल यांनीं पदवीनंतर ॲल्विन कूपर नांवाची कंपनी काढली. ती पाहुण्यांसाठीं मोठ्या शिकारींची सर्व व्यवस्था करी. अशा कंपन्या परदेशी शिकाऱ्यासाठीं वनविभागाचा एखादा टापू नेमल्या मुदतीपुरता घेत. तंबू, स्वयंपाकी, वाटाडे, मचाण, सगळें तयार. देशास परकीय चलन मिळे ही गोष्ट खरी. पण टापू पाहुण्याच्या नांवें लागला कीं तेवढ्या मुदतींत तो इतरांस बंद. १९७० सालीं वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि या धंद्याचा कणाच मोडला.

हा तंटा केवळ आपल्याकडचा नव्हे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत बाहेरून आलेल्या शिकाऱ्यास मोठ्या जनावरासाठीं बहुधा परवानाधारक वाटाड्या घ्यावा लागतो. तेथें आधीं जनावरांच्या रक्षणाचा विचार होतो, मग तेथल्या आदिम रहिवाशांच्या अन्नाचा हक्क, आणि उरेल त्यांत स्थायिक शिकारी व वाटाडे-व्यावसायिक यांचे शेंकडेवारीनें हिस्से. या शेंकड्यांवरून तेथें वर्षानुवर्षें कडाक्याचे वाद झाले आहेत. तरीही पोटासाठीं मारणाऱ्याचें नांव त्या हिशेबांत पहिल्या ओळींत आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास पहिल्या अनुसूचींत घालून त्याची शिकार थांबविली. इतर कांहीं जनावरांसाठीं विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि सांपळा असे चार प्रकारचे परवाने मात्र ठेवले. १९९१ च्या दुरुस्तीनें तेही गेले. परंपरेनें शिकार करणाऱ्यांचे हक्क त्या कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं राखले ते एकट्या निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे. फासेपारध्यांवरील गुन्हेगारीचा कायदा १९५२ च्या ऑगस्टांत उठला होता. वीस वर्षांनंतर त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. काळवीट उरावयाचे तर ही बंदी आवश्यक होती, हें मान्य करावेंच लागतें. परंतु धंदा काढून घेतला त्याच वेळीं त्या हातांना दुसरें काम द्यावें, आणि ज्या डोळ्यांस माळावरील प्रत्येक वाट ठाऊक होती त्यांस रक्षणाच्या कामीं लावावें, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या विचारांत आली नाहीं.

१९८० सालीं कर्जत तालुक्यांत देऊळगांव-रेहेकुरी येथें काळविटांसाठीं अभयारण्य झालें. क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनही किंचित् कमी. पायीं फिरणाऱ्यास एका सकाळीं उरकेल एवढें. सकाळीं उन्हें चढण्यापूर्वीं गेल्यास पीळदार शिंगांचा काळा नर माद्यांच्या कळपाभोंवतीं मान उंचावून फिरतांना दिसतो. कळप वाढला कीं आंतलें गवत पुरत नाहीं, आणि काळवीट शेजारच्या ज्वारींत उतरतात. सकाळीं शेतकरी पंचनाम्यासाठीं वनरक्षकाची वाट पाहत बांधावर उभा असतो. त्याच तालुक्यांतील गांवांच्या कडेला पारध्यांचीं पालें आहेत.