छत्तीसगडचा रुपेरी वारसा

रायपूरच्या सदर बाजारातील दागिन्यांची नावे महाराष्ट्रीय माणसाला परकी वाटत नाहीत. आपली पुतळी तेथे ‘पुतरी’ होते. तोडा तर तोडाच राहतो. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूर घेतले, तेव्हापासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश भोसल्यांच्या राज्याशी जोडलेला होता. परंतु हे साम्य केवळ राज्यसत्तेचे नाही. शेजारी नांदलेल्या भाषांचे आहे.

शेतकरी कुटुंबांचा दागिना मुख्यतः चांदीचा. गळ्यात भरीव ‘सुता’, मनगटात पिळाची ‘ऐंठी’, दंडावर ‘नागमोरी’, पायात ‘पैरी’. सोनार मुशीत चांदी आटवी, ओतलेली कांब ऐरणीवर ठोकून लांबवी आणि पुनःपुन्हा तापवून तिचा कडकपणा घालवी. तार हवी असल्यास ती जंतरपट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढी. ही चांदी पुष्कळदा घरच्याच रुपयांची असे. १८३५ पासूनचा रुपया वजनाला एक तोळा आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही आपण किती व कशी चांदी दिली हे ठाऊक असे, आणि दुसऱ्या पारड्यात रुपयेच टाकून दागिना तोलून घेता येई.

या विश्वासाला पहिला तडा १८९३ मध्ये गेला. तोवर कोणालाही टांकसाळीत चांदी देऊन, शुल्क वजा जाता, रुपये पाडून घेता येत. म्हणजे दागिना हा एक प्रकारे निजलेला रुपयाच होता. त्या वर्षी सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. रुपयाची किंमत सावरली गेली. चांदीचा भाव मात्र उतरतच राहिला. पाठोपाठ १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी रायपूर जिल्हा होरपळला. धान्याला रुपये लागत. वीस रुपये आटवून केलेले तोडे मोडताना त्यांचे वीस रुपये येणे आता शक्य नव्हते. विलायतेशी होणाऱ्या हुंडणावळीची सोय पाहणाऱ्या निर्णयाची किंमत अशा रीतीने छत्तीसगडच्या शेतकरणीच्या पायांतील चांदीने भरली.

१९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. घरच्या नाण्यातून घरचा दागिना घडविण्याची वाट तेथे संपली. म्हणून जुना सुता हाती आला, तर त्याची घडण पाहावीच, पण वजनही विचारावे. कोण्या कुटुंबाने किती सुगींची शिल्लक त्यात साठविली होती, हे नक्षीपेक्षा ते तोळेच अधिक स्पष्ट सांगतात.