दप्तरखान्यापासून शोधयंत्रापर्यंत

ज्याचे नाव ठाऊक नाही ते समोर असूनही सापडत नाही, हा दप्तरखान्यात बसलेल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. हल्ली आंतरजालावर एक शब्द टाकला की क्षणार्धात सहस्रावधी पृष्ठे पुढे येतात. त्यामुळे शोधण्याची विद्या आता अनावश्यक झाली, असा समज रूढ होत आहे. इतिहास पाहता तो टिकत नाही.

गोव्याचा दप्तरखाना १५९५ साली स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु द कोउतु त्याचा पहिला रक्षक झाला. पुढे कागद साठत गेले. परंतु साठा म्हणजे ज्ञान नव्हे. कुन्य रिव्हार यांनी १८५७ पासून त्यांतील निवडक कागद छापून काढले, आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५५ साली या दप्तरांचा मार्गदर्शक ग्रंथच प्रसिद्ध केला. कोणता कागद कोणत्या मालिकेत पाहावा, हे सांगणारा हा ग्रंथ म्हणजे एका व्यासंगी माणसाने सिद्ध केलेले शोधयंत्रच होय.

यांत्रिक शोधाची कथा त्यामानाने कालपरवाची. १९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ नावाची रचना केली. तिला केवळ दस्तऐवजांची नावे कळत, आतील मजकूर नव्हे. १९९५ च्या अखेरीस आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने मजकूरही धुंडाळला, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गूगल’ने, ज्या पृष्ठाकडे इतर पृष्ठे अधिक निर्देश करतात त्याला वरचे स्थान देण्याची युक्ती प्रचारात आणली. विशेष ज्ञानाची अडचण येथेच आहे. एखाद्या देवस्थानाच्या जुन्या नियमावलीकडे निर्देश करणार कोण? ती तळाशीच राहते.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध महाजन माझ्याकडे आले. नातवाने देवस्थानाचे नाव घालून पुष्कळ शोधले. छायाचित्रे मिळाली, कागद नाही. तेव्हा ‘कागद नष्टच झाले असावेत’ असे ठरवून ते हक्क सोडावयास निघाले होते. मी त्यांना विचारले, “आजोबा, पोर्तुगीज लेखनिकाने आपल्या देवळाला काय म्हटले असेल?”

प्रश्न तोच होता. त्या कागदांत देऊळ ‘पागोद’ असते, महाजनांची संस्था ‘माझानिया’, नियमावली ‘कोंप्रोमिसु’ आणि गांवकर ‘गांकार’. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. कागदांत कुठ्ठाळी ‘कोर्तालीं’ होते, केळशी ‘केलोसीं’ आणि कवळे ‘केउला’. शेवटची दोन्ही नावे रोमन ‘क्यू’पासून सुरू होतात. त्यातच १९११ साली पोर्तुगीज शुद्धलेखन बदलले. दप्तर या अर्थाचा ‘आर्किव्हु’ हा शब्द आधी ‘सीएच’ने लिहीत, नंतर ‘क्यूयू’ने. एकाच शब्दाचा शोध दोनदा घ्यावा लागतो तो यामुळे.

म्हणून प्रथम कागद-लेखणी घेऊन नावांची यादी करावी. नंतर नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालावा. यात्रा-निवासाच्या जाहिराती वजाचिन्हाने गाळाव्यात. ‘साइट’ हा शब्द, विसर्गासारखी दोन टिंबे आणि ग्रंथालयाचा पत्ता लिहून शोध एका ठिकाणापुरता मर्यादित करावा. जुने ग्रंथ पाहण्यास १९९६ साली स्थापन झालेले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ उपयुक्त आहे. मात्र यंत्र झिजलेली अक्षरे चुकीची वाचते, म्हणून नावाचा एखादाच तुकडा घालून पाहावा. एक चांगला ग्रंथ हाती लागला की त्याच्या तळटीपा पुढची वाट दाखवितात. मोडीतील आणि हस्तलिखित कागद मात्र बहुधा यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. त्यांसाठी पणजीच्या दप्तरखान्याची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नाही.

आमचेही तसेच झाले. एका जुन्या ग्रंथाच्या तळटीपेत सरकारी राजपत्राचे वर्ष मिळाले, आणि त्या वर्षाच्या बाडात नियमावली. तीत त्या गृहस्थांच्या घराण्याचे नाव होते, पोर्तुगीज वळणाने लिहिलेले. त्यांनी ते दोनदा वाचून घेतले आणि हात जोडले.

न सापडणे आणि नसणे या भिन्न गोष्टी आहेत. न्यायालयात हा भेद आम्ही रोज पाहतो. देवस्थानाच्या इतिहासातही तो विसरता कामा नये.