सोळा गुणिले सोळा

ब्राउझरच्या टॅबवर संकेतस्थळाच्या नावाआधी जे चिमुकले चित्र दिसते, त्याचा जन्म मार्च १९९९चा. मायक्रोसॉफ्टचे इंटरनेट एक्स्प्लोअरर ५ तेव्हा बाहेर पडले. वाचकाने खूण करून ठेवलेल्या पानांची, म्हणजे ‘फेव्हरिट्स’ची, जी यादी असते तिच्यात प्रत्येक नावाशेजारी त्या संकेतस्थळाचे चित्र यावे, अशी सोय भरत श्याम या अभियंत्याने लिहिली आणि रात्री उशिरा रे सन या नवख्या प्रोग्रॅम मॅनेजरकडून ती मंजूर करून घेतली. फेव्हरिट्सचा आयकॉन तो फेविकॉन. कोणी पान जपून ठेवले की ब्राउझर आपणहून ती चित्राची फाइल मागे. ज्या संकेतस्थळांकडे ती नव्हती, त्यांच्या सर्व्हरच्या नोंदींत ‘४०४’च्या, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ अशा, ओळी साचू लागल्या. आपले पान किती जणांनी जपले, याचा अंदाजही मालकांना त्याच नोंदींतून मिळे.

जागा मिळाली ती सोळा पिक्सेल रुंद, सोळा पिक्सेल उंच. एकूण २५६ चौकोन. एवढ्यात ओळख पटेल असे चित्र कसे बसवायचे, ही विद्या मात्र फेविकॉनपेक्षा जुनी आहे.

१९८१ साली झेरॉक्सचा ‘स्टार’ हा संगणक आला. कोपरा दुमडलेला कागद म्हणजे दस्तऐवज, ही आजही रोज दिसणारी खूण त्यासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढली होती. दोन वर्षांनी अ‍ॅपलमध्ये सुझन केअर आल्या. शिक्षण कलेचे, संगणकाचा अनुभव शून्य. शाळेपासूनचे मित्र अँडी हर्ट्झफेल्ड यांनी त्यांना मॅकिंटॉशसाठी चित्रे काढायला बोलावले होते. केअर यांनी आलेखाची वही विकत घेतली आणि ३२ गुणिले ३२ चौकटीतले घर न् घर पेन्सिलीने भरायला सुरुवात केली. मोझाइक आणि भरतकाम त्यांना ठाऊक होते. हे काम त्याच जातीचे आहे, असे त्या सांगत आल्या आहेत. हसरा मॅक, कचऱ्याचा डबा, वात पेटलेला बॉम्ब ही सगळी चित्रे त्या १,०२४ घरांत मावली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांची वही आपल्या संग्रहात घेतली आहे, आणि ते अगदी योग्य झाले. मॅकिंटॉशच्या त्या पडद्यावर पिक्सेल एक तर काळा नाहीतर पांढरा. मधली करडी छटाच नव्हती. मोठे चित्र आकसून लहान करायची पळवाट केअर यांना उपलब्ध नव्हती. आधीपासून लहानच विचार करायचा, हा या कलेचा पाया तिथे घातला गेला.

पुढे रंग आले, छटा आल्या आणि चित्र लहान करायचे काम यंत्राकडे गेले. यंत्र काय करते ते पाहण्याजोगे आहे. ५१२ पिक्सेलचे चित्र १६वर आणायचे, तर मूळच्या १,०२४ पिक्सेलांचा मिळून एक होतो. त्यांतला एकच उचलून बाकीचे टाकले, तर कडा करवतीसारख्या दातेरी होतात आणि बारीक रेघा मधूनच गायब होतात. सगळ्यांची सरासरी काढली, तर दाते जातात, पण चित्र धुरकट होते. पांढऱ्यावरची चार पिक्सेल जाडीची काळी रेघ लहान झाल्यावर एका पिक्सेलचा आठवा हिस्सा उरते, म्हणजे फिकट राखाडी. बरोबर एक पिक्सेल भरेल एवढी जाड रेघही दोन घरांच्या सीमेवर पडली, की काळ्या एका रेघेच्या दोन करड्या होतात. बायक्युबिक, लँक्झोस अशा चलाख पद्धती कडा सावरतात खऱ्या. पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे त्यांना कळत नाही. ते माणसानेच ठरवावे लागते.

विंडोजच्या आयसीओ फाइलीची रचना मला म्हणूनच आवडते. एकाच फाइलीत १६, ३२, ४८ अशी वेगवेगळ्या मापांची स्वतंत्र चित्रे ठेवता येतात. सोळाच्या चित्रात सावली नाही, मजकूर नाही, सोळासाठी वेगळे काढलेले मोजके आकार, असे करायची मुभा त्यात आहे. पुष्कळ जण तिथेही एकच चित्र आकसून भरतात, ही त्या सोयीची नासाडी आहे.

फोनांनी माप पुन्हा पालटले. पहिल्या आयफोनचा आयकॉन ५७ पिक्सेलचा होता. २०१०मध्ये आयफोन ४चा दाट पडदा आला आणि तो ११४ झाला. आता १,०२४ पिक्सेलचे एक चित्र दिले की बाकीची मापे साधनेच तयार करतात. पडदे दाट झाल्यामुळे धुरकटपणा कमी जाणवतो, पण टॅबवरची जागा डोळ्याला आजही तेवढीच दिसते.

देवनागरीची अडचण इथे आणखी वाढते. सोळा घरांत ‘म’ बसवून पाहा. शिरोरेषेला दोन ओळी लागतात. गाठीचे पोट उघडे राहायचे तर आत निदान एक घर मोकळे हवे, नाहीतर गाठीचा ठिपका होतो. सोळा ही सम संख्या, त्यामुळे मधोमध उभा स्तंभच नाही. मध्यभागी दंड हवा तर तो दोन घरांचा जाड करावा लागतो. वर मात्रा आली, तर अक्षराला उरलेली उंची दहा-अकरा घरांवर येते. ‘म’ निभावतो, ‘ग’ निभावतो, ‘ज्ञ’ची मात्र गुंतवळ होते. मराठी संकेतस्थळाने पूर्ण नाव त्यात कोंबू नये. एक अक्षर निवडावे, त्याची शिरोरेषा चौकटीच्या दोन्ही कडांना भिडवावी आणि आलेखाचा कागद घेऊन ते सोळा घरांत हाताने काढावे.