सिम बसलं म्हणजे चाललं असं नाही



भाताची झोडणी आटोपली आणि वाल, भेंडी, काकडीला पाणी द्यायची वेळ आली की आमच्या भिवंडी तालुक्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये नवं सिम टाकलं, बरोबर बसलं, रिचार्जही आहे, पण मोटार चालू होत नाही. सिमवाला स्टार्टरला दोष देतो, स्टार्टरवाला सिमला. पुष्कळ वेळा दोन्ही वस्तू चांगल्या असतात, त्यांचं एकमेकांशी जमत नाही. थ्री फेजची मोटार सिंगल फेजवर लावली तर वायर नीट जोडलेली असूनही ती फिरत नाही, तसंच हे.

हे जमणं न जमणं आजचं नाही. आपल्याकडे मोबाईल आला तेव्हापासून ते चालू आहे. हा इतिहास माहीत असला तर पुढचा खर्च वाचतो, म्हणून आज पिकाऐवजी सिमवर लिहितो.

सिममध्ये असतं काय?

आपण म्हणतो, माझा नंबर सिममध्ये आहे. खरं तर आपला दहा आकडी नंबर कंपनीच्या दप्तरात असतो. सिममध्ये एक वेगळा 15 आकडी क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे 404 किंवा 405. शिवाय सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच किल्ली कंपनीच्या यंत्रातही असते. फोन चालू केला की कंपनीकडून एक आकडा येतो, सिम किल्ली लावून त्याचं उत्तर काढतं, कंपनी आपल्याकडचं उत्तर ताडून बघते. जुळलं तर आपल्याला आत घेते. किल्ली स्वतः सिमच्या बाहेर कधी जात नाही.

सातबाऱ्यासारखं समजा. नोंद तलाठ्याच्या दप्तरात, आपल्या हातात उतारा. उतारा फाटला म्हणून जमीन जात नाही. तसं सिम हरवलं तरी नंबर जात नाही, त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं.

फोनला त्याचा स्वतःचा 15 आकडी क्रमांक असतो, आयएमईआय. *#06# दाबलं की दिसतो. म्हणजे नंबर वेगळा, सिम वेगळं, फोन वेगळा. युरोपातल्या देशांनी मिळून जी जीएसएम पद्धत ठरवली, तिच्यात ही फोड मुद्दाम ठेवली होती, गिऱ्हाईक एका फोनला बांधलेलं राहू नये म्हणून. 1991 साली जर्मनीत म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने पहिली सिम कार्डं बनवली आणि त्यातली 300 फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीला विकली. ती कार्डं आजच्या एटीएम कार्डाएवढी मोठी होती.

आपल्याकडे मोबाईल आला

31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला. तो भारतातला पहिला मोबाईल कॉल. कंपनी होती मोदी टेल्स्ट्रा, म्हणजे आपले मोदी आणि ऑस्ट्रेलियाची टेल्स्ट्रा यांची भागीदारी. टेल्स्ट्राचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्याच वर्षी मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएल सुरू झाल्या. सगळ्या जीएसएमच्या, सगळ्यांना सिम. पण मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या फोनचेही पैसे लागायचे. खेड्यातल्या माणसाचं ते काम नव्हतं. आमच्याकडे तेव्हा लँडलाइनचंच अप्रूप. कशेळीचा पूल ओलांडला की पलीकडे ठाण्याचा कोड 022, अलीकडे भिवंडीचा 02522. मे 2003 पासून येणारा फोन फुकट झाला, तेव्हा कुठे सामान्य माणूस मोबाईलचा विचार करायला लागला.

मॅक्सटचचं पुढे ऑरेंज झालं, मग हच, मग व्होडाफोन, आणि 2020 पासून व्हीआय. नावं पाच झाली, पण ज्याने नंबर चालू ठेवला त्याचा नंबर तोच राहिला.

सिम नसलेले फोन

डिसेंबर 2002 मध्ये रिलायन्सची मोबाईल सेवा आली आणि जुलै 2003 मध्ये तिची मान्सून हंगामा योजना. 501 रुपये भरून फोन हातात. कारखान्यातला कामगार, रिक्षावाला, शेतकरी, सगळ्यांना पहिल्यांदा परवडेल असा फोन. स्वस्ताईचं श्रेय त्या योजनेला दिलंच पाहिजे.

पण ती पद्धत सीडीएमए होती. सुरुवातीच्या त्या फोनला सिमची खाचच नव्हती. नंबर फोनच्या आतच नोंदवलेला. टाटा इंडिकॉमही सीडीएमएच. लावणीच्या चिखलात फोन पडून बिघडला, तर सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालायची सोय नाही. त्याच कंपनीचा दुसरा फोन घ्या आणि दुकानात जाऊन नंबर त्यात घालून आणा. कंपनी सोडायची तर नंबरही सोडा आणि फोनही सोडा. उतारा आणि नांगर एकत्र वेल्डिंग केल्यासारखं झालं ते. पुढे सीडीएमएलाही कार्ड आलं, आपल्या सिमसारखंच दिसणारं, जीएसएम फोनच्या खाचेत बसणारं. पण बसून उपयोग काय, फोनला त्या टॉवरची भाषाच कळत नव्हती.

2017 च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद झाली. ते सीडीएमए फोन आता कुठल्याच कामाचे नाहीत. त्याच 2003 साली आलेला, बॅटरीवाला नोकिया 1100 मात्र 900 आणि 1800 लहरींवर चालणारा साधा जीएसएम फोन. तो नीट जपला असेल तर टू-जी चालू असलेल्या कंपनीच्या सिमवर अजून बोलू शकतो. दोन्ही फोन एका वयाचे. एक मोकळ्या पद्धतीचा होता, एक बांधलेला. फरक तेवढाच.

शेतीच्या माहितीलाही हीच अडचण

2007 साली महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाइट सुरू झालं. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला मराठीत एसएमएसवर. पण मराठी अक्षरं दाखवता न येणाऱ्या फोनवर मराठी एसएमएस आला की नुसते चौकोन दिसायचे. त्याच वर्षी इफ्कोने एअरटेलबरोबर इफ्को किसान संचार कंपनी काढली. तिचा सल्ला बोलक्या संदेशातून यायचा, त्यामुळे अक्षरांची भानगड नाही, फोन कुठलाही चालायचा, पण सिम त्यांचंच लागायचं. 2009 मध्ये नोकियाचं लाइफ टूल्स आलं, तेही आधी महाराष्ट्रात. त्यासाठी नोकियाचे ठराविक फोनच हवेत.

माहिती तिघांचीही कामाची होती. पण कुणी फोनला बांधलेली, कुणी सिमला. शेतकऱ्याने फोन किंवा कंपनी बदलली की सल्ला बंद. आज कृषी खात्यातले आणि कंपन्यांतले जे तज्ज्ञ नवीन यंत्रं घेऊन बांधावर येतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं.

नंबर मोकळा झाला

पुढे दोन सिमचे चायना फोन आले. एक सिम रेंजसाठी, एक स्वस्त कॉलसाठी, असं गावोगाव सुरू झालं. त्यातल्या कित्येकांना आयएमईआयच नव्हता, असे फोन 30 नोव्हेंबर 2009 नंतर सरकारने बंद करायला लावले.

सगळ्यात मोठा बदल नंबर पोर्टिंगचा. 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरुवात झाली आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर. कंपनी बदला, नंबर ठेवा. जुलै 2015 पासून तर एका सर्कलमधून दुसऱ्यात जातानाही नंबर ठेवता येऊ लागला. याची किंमत मुंबईकरांना 2014 मध्ये कळली. बीपीएलचं नाव तोवर लूप झालं होतं, परवान्याची मुदत संपली आणि 29 नोव्हेंबर 2014 ला लूप बंद पडलं. पोर्टिंग नसतं तर एवढ्या लोकांचे वीस-वीस वर्षांचे नंबर एका दिवसात गेले असते. आज बँक, आधार, पीएम किसान, सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर गेला तर किती खेटे घालावे लागतील याचा विचार करा.

सिमच्या आकाराबद्दल थोडक्यात. मोठ्या कार्डानंतर 25 बाय 15 मिलिमीटरचं सिम आलं, 2010 च्या सुमारास मायक्रो, 2012 मध्ये नॅनो. आतली चिप तेच काम करते, बाजूचं प्लास्टिक कमी होत गेलं. म्हणून तर दुकानदार पंचसारख्या कटरने सिम कापून द्यायचे, आणि लहान सिमला प्लास्टिकची चौकट लावून जुन्या फोनमध्ये बसवायचे. आकाराची अडचण ही सगळ्यात सोपी अडचण.

फोर-जी आलं आणि

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. जिओकडे टू-जी नाही, थ्री-जी नाही. कॉलसुद्धा फोर-जीवरूनच जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. त्यामुळे जिओचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये बसायचं, पण रेंज दाखवायचं नाही. 2017 मध्ये जिओफोन आला, 1500 रुपये अनामत भरून. त्यात फक्त जिओचंच सिम चालायचं. इंटरनेट स्वस्त झालं हे खरं, पण फोन परत एकदा कंपनीला बांधला गेला.

जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि पुष्कळ जण बीएसएनएलकडे गेले. तिथे नवीन गोष्ट समोर आली. बीएसएनएलचं फोर-जी 700 आणि 2100 लहरींवर आहे, म्हणजे बँड 28 आणि बँड 1. आपल्याकडच्या अनेक जुन्या फोर-जी फोनमध्ये बँड 28 नाही. सिम फोर-जी, फोन फोर-जी, आणि तरी 700 वाला टॉवर त्या फोनला दिसत नाही.

आता मोटारीचं

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारं नॅनो गणेश बनवलं, 2009 मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्यानंतर असे कितीतरी स्टार्टर बाजारात आले. रात्रीच्या पाळीला काळोखात, सापकिरडूतून विहिरीवर जाणं वाचलं. ही लहान गोष्ट नाही.

पण यातल्या जुन्या स्टार्टरच्या आत टू-जीचा मॉडेम आहे. म्हणून त्यात जिओचं सिम चालत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याचं टू-जी विहिरीवर पकडतं, त्याचंच चालतं. आणि हे टू-जी कायम राहील असं धरून चालू नका. 2024 च्या सुरुवातीला जिओने ट्रायपुढे मत मांडलं की टू-जी आणि थ्री-जी बंद करण्याचं धोरण सरकारने आणावं. बाहेर हे झालेलं आहे. आपल्या पहिल्या कॉलमध्ये भागीदार असलेल्या टेल्स्ट्राने ऑस्ट्रेलियात 2016 च्या शेवटी टू-जी बंद केलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये थ्री-जीसुद्धा. जुन्या मॉडेमवर चालणारी यंत्रं तिथल्या शेतकऱ्यांना बदलावी लागली. आपल्याकडे बंद करताना निदान दोन-तीन वर्षं आधी तारीख सांगावी आणि शेतातल्या यंत्रांचा विचार व्हावा, एवढी मागणी आपण आतापासून केली पाहिजे. शहरातला माणूस फोन दर तीन वर्षांनी बदलतो, आपला स्टार्टर दहा वर्षं भिंतीवर असतो.

घेताना एवढं बघा:

1. स्टार्टर टू-जी आहे की फोर-जी, हे बिलावर लिहून घ्या. नुसतं फोर-जी लिहून भागत नाही, व्होल्टी कॉल घेतो का ते विचारा. नाहीतर मिस्ड कॉलवर मोटार चालू होणार नाही.
2. सिम कुठल्याही कंपनीचं चालतं की एकाच कंपनीचं, हे विचारा. बांधलेलं यंत्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, असं माझं मत.
3. रेंज घरी बघू नका, विहिरीवर जाऊन बघा. टू-जीच्या स्टार्टरसाठी बघताना फोन टू-जीवर लावून बघा.
4. सिमला पिन लावलेला असेल तर आधी फोनमध्ये घालून काढून टाका. स्टार्टरला पिन टाकता येत नाही.
5. बीएसएनएलला जाण्याआधी फोनच्या माहितीपत्रकात बँड 28 आणि बँड 1 आहेत का बघा.
6. बँक आणि आधारचा नंबर असलेलं सिम स्टार्टरमध्ये घालू नका. त्यासाठी वेगळं सिम ठेवा.

तुमच्याकडे कुठला स्टार्टर कुठल्या सिमवर चालतो, गावाच्या नावासकट कळवा. सगळी माहिती जमली की तालुकावार यादी करून इथेच टाकतो, म्हणजे पुढच्याला शोधत बसायला नको.