करारपत्र ते मानधन : शिक्षणाचे कर्ज आणि लोकसेवेचा इतिहास

#थ्रेड

१/
कंधार म्हटले की राष्ट्रकूटकालीन नगरी आणि पाण्याने वेढलेला भुईकोट किल्ला आठवतो. याच गावातील एका शिक्षणसंस्थेच्या नावात मात्र एक शब्द आहे, ज्याच्याकडे इतिहासप्रेमींचे सहसा लक्ष जात नाही. ती संस्था म्हणजे श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी, आणि तो शब्द म्हणजे ‘मोफत’.

२/
संस्थेच्या नावातच हा शब्द घालावा असे का वाटले असेल? याचे उत्तर शोधताना बडोदा, पुणे आणि मुंबई असा वळसा घ्यावा लागतो. शिकण्यासाठी कर्ज काढायचे आणि ते लोकसेवेच्या तुटपुंज्या पगारातून फेडायचे, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्याला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

३/
आरंभ पुण्यापासून. गोपाळ कृष्ण गोखले शिकत असताना त्यांचे थोरले बंधू गोविंदराव दरमहा पंधरा रुपये कमावत आणि त्यातले आठ रुपये धाकट्या भावाला पाठवत. या कर्जाला कागद नव्हता, व्याज नव्हते. पण ओझे होते. पदवीनंतर गोखल्यांपुढे मोठ्या पगाराच्या वाटा खुल्या होत्या. घरच्यांची अपेक्षाही तीच होती.

४/
गोखल्यांनी मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले. अट अशी, की दरमहा सुमारे पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे अध्यापन करायचे. महाराष्ट्रात ‘त्यागाने केलेली लोकसेवा’ हा आदर्श येथे घडला. तो आदर्श थोर होताच; पण त्याची किंमत घरातील दुसऱ्या कोणीतरी आधीच मोजलेली होती, हेही विसरता येत नाही.

५/
ज्यांच्या घरी असा थोरला भाऊ नव्हता, त्यांचे काय? येथे बडोद्याचा करार पुढे येतो. सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ मध्ये बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी त्यांना अमेरिकेत शिकण्याची संधी मिळाली.

६/
४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारपत्रावर सह्या झाल्या. दरबाराने दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे आणि आंबेडकरांनी शिक्षण संपवून परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. शिष्यवृत्ती असे तिचे नाव होते, परंतु तिची फेड सेवेच्या रूपाने ठरलेली होती. आजच्या भाषेत हा ‘बाँड’ होय.

७/
कोलंबिया विद्यापीठ, तेथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. ऑगस्ट १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून आंबेडकर परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्या आधारे ते बडोद्यास कराराप्रमाणे रुजू होण्यासाठी गेले.

८/
पुढचा भाग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. कार्यालयात शिपाई अंतर राखून वागत. राहायला घर कोणी देईना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. दोन परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

९/
या प्रसंगाकडे अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तो कर्जाच्या इतिहासातलाही प्रसंग आहे. ऋणको सेवा द्यायला तयार होता, त्यासाठी स्वखर्चाने आला होता. समाजाने ती सेवा करू दिली नाही. तरीही दरबाराच्या हिशेबात शिक्षणाचा खर्च ‘येणे’ म्हणून उभाच राहिला.

१०/
ही रक्कम वीस हजार रुपयांच्या घरात होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचा पगार दरमहा ४५० रुपये होता. म्हणजे एक पैसाही न खर्चता सुमारे चव्वेचाळीस महिन्यांचा पूर्ण पगार! १९२० मध्ये लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला ते निघाले, ते पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन. बडोद्याची रक्कम पुढे बऱ्याच वर्षांनी माफ झाली.

११/
या अनुभवाच्या समांतर महाराष्ट्रात दुसरा विचार आकार घेत होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले. विद्यार्थ्याने श्रम करावे, पण शिक्षण संपताना डोक्यावर ऋण नसावे, हा त्यामागचा भाव होता.

१२/
आता पुन्हा कंधार. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ दूर हैदराबादेत आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. शेतकऱ्याच्या मुलाला शिकायचे तर परगावी राहणे आले, म्हणजेच खर्च आला आणि खर्चासाठी सावकार आला. मुक्तिलढ्यातून पुढे आलेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते भाई केशवराव धोंडगे, कंधारचे अनेक वेळचे आमदार आणि १९७७ चे नांदेडचे खासदार, यांनी उभारलेल्या संस्थेच्या नावात ‘मोफत’ हा शब्द का आला, ते येथे उलगडते. तो शब्द सावकाराला दिलेले उत्तर होता.

१३/
काही काळ राज्यही त्याच दिशेने चालले. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली. या सवलतीवर शिकलेली पिढी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक झाली आणि तिचा पहिला पगार थेट घरी गेला.

१४/
मग दोन वळणे आली. पहिले १९८३ चे : वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, तशी फीही वाढली. २००१ मध्ये बँकांसाठी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. ‘मोफत’च्या जागी ‘हप्ता’ आला.

१५/
दुसरे वळण २००० चे : शिक्षण सेवक योजना. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे पगारावर नव्हे, तर ठरावीक मानधनावर. प्राथमिक शाळेत हे मानधन सुरुवातीला तीन हजार रुपये होते, नंतर सहा हजार झाले आणि २०२३ पासून सोळा हजार. म्हणजे शिक्षण महाग होऊ लागले त्याच काळात लोकसेवेतील पहिली कमाई आखडली गेली.

१६/
हिशेब करून पाहावा. दोन लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षांची फेड : हप्ता साधारण ४,२५० रुपये. सहा हजारांच्या मानधनातून उरतात १,७५०. त्यातच खोलीभाडे, जेवण आणि गावी पाठवायचे पैसे. मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, तेव्हा डी.एड. झालेल्या अनेकांना हे मानधनही दुर्लभ झाले.

१७/
बडोद्याच्या कराराचा थेट वारस आज वैद्यकीय शिक्षणात दिसतो. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची; बराच काळ त्याऐवजी दहा लाख रुपये भरण्याची मुभा होती. ग्रामीण रुग्णालयाला डॉक्टर हवा, ही गरज खरीच आहे. पण दंड भरून सुटका कोणाला परवडत होती आणि कोणाला नाही, हा १९१३ चाच प्रश्न आहे.

१८/
अमेरिकेने २००७ मध्ये उलटा मार्ग काढला : दहा वर्षे लोकसेवा करा, नियमित १२० हप्ते भरा, उरलेले कर्ज माफ. योगायोगाने मुदत पुन्हा दहा वर्षांचीच! २०१७ नंतर पहिले अर्ज आले, तेव्हा त्यांतले बहुतेक सर्व नियमांच्या गुंत्यात नाकारले गेले. वचन देणे सोपे होते. सेवा मोजणारी यंत्रणा ते पाळेल याची हमी नव्हती.

१९/
म्हणून बडोद्याची ती संध्याकाळ आजही महत्त्वाची आहे. करारात ऋणकोने काय द्यायचे ते स्पष्ट लिहिलेले होते. त्याला राहायला जागा, काम करण्याजोगी वागणूक आणि जगता येईल असा पगार कोण देणार, याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नव्हती. लोकसेवेच्या नव्या बाँडमध्ये, नव्या मानधनाच्या शासननिर्णयात हे कलम आहे का, ते वाचून पाहावे.

२०/
कंधारला जाणे झाले तर किल्ला अवश्य पाहावा. परतताना संस्थेच्या नावातील तो ‘मोफत’ शब्दही वाचावा. किल्ल्याच्या खंदकाइतकाच तोही इतिहासाचा दस्तऐवज आहे.

#थ्रेड_समाप्त