उकंडराव ते रेयांश: यवतमाळमध्ये बाळाचं नाव ठरतं तरी कसं?

उकंडराव. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे नाव ऐकून हसू येईल, पण यवतमाळच्या जुन्या पिढीला ते अनोळखी नाही. वऱ्हाडीत उकंडा म्हणजे उकिरडा.

पोटच्या पोराला उकिरड्याचं नाव कोण ठेवेल?

ज्यांची आधीची लेकरं दगावली, ते. नाव ओंगळ असलं की पोराला दृष्ट लागत नाही, काळही त्याच्याकडे वळून बघत नाही, असा समज होता. दगडू, धोंडू, कचरू ही नावंही याच भीतीतून आली. शब्दाचा अर्थ कचरा, आईच्या मनातला अर्थ ‘हे तरी जगू दे’.

‘नकुशी’ची गोष्ट मात्र उलटी. मुलीमागून मुलगी झाली की ‘आता नको’ म्हणून हे नाव. इथे शब्दाचा आणि मनातला अर्थ एकच, आणि तो त्या मुलीला रोज शाळेच्या हजेरीत ऐकावा लागे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींचं समारंभानं नव्यानं बारसं झालं. काहींनी आपलं नाव स्वतःच निवडलं.

बारशाची रीत बहुतेकांना माहीत असते. बाराव्या दिवशी, किंवा सोयीनं पुढे कधीतरी, पाळणा सजतो, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वर-खाली फिरतं आणि आत्या कानात नाव सांगते. पत्रिका बघणाऱ्या घरात आधी अक्षर विचारतात. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं. अडचण तिथेच होते. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो, आणि ‘ण’वरून नाव आणायचं कुठून? म्हणून नावरस नाव पत्रिकेत राहतं, हाक मारायला दुसरंच असतं.

विदर्भात नावांमधला मोठा बदल आला तो १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, मिलिंद अशी नावं रुजली. बौद्ध परंपरेत ‘राहुल’चा अर्थ ‘बंधन’ असा सांगितला जातो. पण हे नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात बंधन नसतं, तर बुद्धाचा मुलगा असतो. मिलिंद तर मुळात मिनँडर हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा म्हणून तो पाली ग्रंथात अमर झाला आणि तिथून थेट विदर्भातल्या खेड्यांत पोहोचला. कोणत्याही ‘टॉप १०० नावं’ यादीत ही गोष्ट सापडत नाही.

याच जिल्ह्यात पुसदजवळच्या गहुलीचं नाईक घराणं बघा. आजोबा चतुरसिंग राठोड, मुलगा फुलसिंग, नातू वसंतराव, म्हणजे १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री, आणि पुढे पुतण्या सुधाकरराव, तेही मुख्यमंत्री. तांड्याचा प्रमुख तो नाईक. त्या मानावरून राठोडांचं आडनावच नाईक झालं. आणि बंजारा घरातलं ‘सिंग’ दोन पिढ्यांत मराठी ‘राव’ कसं झालं, तेही या चार नावांत दिसतं.

आता नावं मोबाईलवर शोधली जातात. ‘रेयांश म्हणजे सूर्यकिरणाचा अंश, मूळ संस्कृत’ असं हजार ठिकाणी लिहिलेलं दिसेल. ‘अंश’ संस्कृत आहेच. पण सूर्यकिरण या अर्थाचा ‘रेय’ संस्कृतात नाही, तो इंग्रजी ‘रे’ असावा. नाव आवडलं तर खुशाल ठेवावं, फक्त अर्थाच्या भरवशावर ठेवणार असाल तर आपट्यांच्या संस्कृत कोशात एकदा डोकवावं.

कागदाचं काम मात्र टाळू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि तोवर अनेकदा नाव ठरलेलं नसतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा राहतो. नोंदणीपासून १२ महिन्यांत हे नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. आत्यानं कानात एक नाव सांगितलं, दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग, हा घोळ पुढे मुलालाच निस्तरावा लागतो.

आणखी एक. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर या क्रमानं लिहायचं आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यामुळे बाळाच्या नावाची जोडी आधी आईच्या नावाशी जुळते का, तेही आता मोठ्यानं म्हणून बघायला हरकत नाही.