श्रवणक्षम पालक आणि कर्णबधिर मूल

श्रवणक्षम पालकांनी कर्णबधिर मुलाचे संगोपन व शिक्षण करणे हा विशेष शिक्षण आणि श्रवणशास्त्र यांतील महत्त्वाचा विषय आहे. बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. अमेरिकेतील पाहणीत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आढळले. अशा घरात बोलली जाणारी भाषा मुलाच्या कानी पडत नाही आणि सांकेतिक भाषा पालकांना येत नाही. त्यामुळे मुलापर्यंत भाषा जाणीवपूर्वक पोहोचवावी लागते.

निदान

कर्णबधिर अर्भकही पहिले काही महिने हुंकार देते व दार आपटल्याच्या कंपनाने दचकते. त्यामुळे बाळाला ऐकू येते, असा घरच्यांचा समज होतो. पुढे 'उशिरा बोलेल' या आशेवर तपासणी लांबते. पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. बाळ झोपलेले असतानाही बेरा चाचणीने श्रवणक्षमता तपासता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असल्यास व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल असल्यास ऐकू कमी येणारी मानली जाते.

भाषा व संवाद

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावर मूल लगेच बोलू लागत नाही. मिळालेल्या ध्वनीला अर्थ जोडण्यास दीर्घ सराव लागतो. केवळ ओठवाचन अपुरे ठरते. 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, तर 'क' आणि 'ग' यांचा उच्चार तोंडाच्या मागील भागात होत असल्याने तो दिसतच नाही.

मिलान येथील १८८० च्या परिषदेने शिक्षणात केवळ वाचिक पद्धतीचा पुरस्कार केला व सांकेतिक भाषा मागे पडली. या ठरावाबद्दल २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने खेद व्यक्त केला. कोणतीही पद्धत निवडली, तरी पहिल्या काही वर्षांत मुलाला एक पूर्ण भाषा न मिळाल्यास वाचन, विचार व नातेसंबंध या सर्वांवर परिणाम होतो.

ग्रामीण परिस्थिती

हातखंबा हे रत्नागिरी तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर असून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता येथील तिठ्यावरून फुटतो. अशा गावांतील बालकांची तपासणी अंगणवाडीत होऊ शकते. पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्याअंतर्गत अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासली जातात. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. त्यासाठी मुंबईतील वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था समन्वय करते.

शस्त्रक्रिया एकदाच होते. यंत्राची जुळवणी व वाचाउपचार मात्र अनेक वर्षे चालतात. प्रत्येक फेरीत प्रवासखर्च होतो आणि पालकांची मजुरी बुडते. म्हणून घरातील रोजच्या कामांतून भाषा देण्यावर भर दिला जातो. भाकरी थापताना, विहिरीवर पाणी भरताना वा आंबे वेचताना मुलाच्या नजरेसमोर राहून बोलणे किंवा खुणा करणे उपयुक्त ठरते. हे काम एकट्या आईवर न सोपवता वडील, आजी-आजोबा व भावंडांनी एकच पद्धत पाळणे आवश्यक असते.

शिक्षण

भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा १८८० च्या दशकात मुंबईत सुरू झाली. आज पालकांपुढे विशेष शाळा आणि नेहमीची शाळा असे दोन मार्ग असतात. विशेष निवासी शाळेत प्रशिक्षित शिक्षक व समवयस्क कर्णबधिर मित्र मिळतात, परंतु मूल घरापासून दुरावते. गावातील शाळेत घर सुटत नाही. मात्र शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलल्यास मूल धड्यापासून वंचित राहते. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना २०१६ च्या अधिनियमाने मोफत शिक्षणाचा हक्क दिला असून पसंतीच्या शाळेची मुभाही ठेवली आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ पासून उपलब्ध असून त्याच्या साहाय्याने पालकही ही भाषा शिकू शकतात.